मोसुल कोणाचे? एका सीमेची आणि तिच्याभोवतीच्या प्रचाराची हकीकत

प्रश्न असा आहे की युद्धानंतर सीमा बदलतात तेव्हा प्रचार हे त्या बदलाचे कारण असते की मागाहून जोडलेले समर्थन. आणि पश्चिम आशियाचा आजचा नकाशा ब्रिटनचे साइक्स व फ्रान्सचे पिको या दोघांनी १९१६ मध्ये आखला, असे जे सर्रास सांगितले जाते ते कितपत खरे आहे. या विषयाच्या अध्यापनात आणि त्या काळच्या कागदपत्रांत माझी बरीच वर्षे गेली आहेत. ‘युद्ध आणि प्रचार’ या विषयावर मोघम बोलण्यापेक्षा एकच सीमा नीट पाहावी, असे माझे मत झाले आहे. म्हणून उत्तर इराकपुरते, त्यातही मुख्यतः १९१४ ते १९२६ या काळात तुर्की (ऑटोमन) साम्राज्यातल्या मोसुल प्रांताचे काय झाले एवढ्यापुरते ठेवतो. दोन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातच मिळतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सीमा कुठून जाईल हे बहुधा दोन गोष्टींवर ठरते: तोफा थांबल्या त्या दिवशी कोणाचे सैन्य कुठे उभे होते, आणि पुढच्या वाटाघाटींत घाई कोणाला होती. प्रचार सीमा आखत नाही. ती सीमा ज्या लोकांच्या नावाने आखली जाते ते लोक कोण, किती आणि त्यांना काय हवे आहे, हे ठरवण्याचे काम प्रचार करतो. त्यामुळे तो कारण तरी असतो किंवा समर्थन तरी, ही विभागणी मला फारशी उपयोगाची वाटत नाही. तो लढाईच्या आधी सुरू होतो, लढाईत चालू राहतो आणि तहाच्या टेबलावर आकडेवारीचे रूप घेऊन येतो.

सुरुवात बसऱ्यापासून करावी लागते. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान ब्रिटनच्या विरुद्ध बाजूला होते. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओला उतरलेली फौज हिंदुस्थानातून गेली होती. ती सहाव्या, म्हणजे ‘पूना डिव्हिजन’ची होती आणि त्या डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी अशा मराठा पलटणी होत्या. महिनाअखेरीपूर्वीच बसरा पडले. त्याच महिन्यात तिथला राजकीय अधिकारी आर्नोल्ड विल्सन याने खासगी पत्रात लिहिले की मेसोपोटेमिया (आजचा इराक) हिंदुस्थानला जोडून टाकावा आणि हिंदी लोकांची वसाहत म्हणून विकसित करावा. बसऱ्याच्या रहिवाशांना मात्र आमचे वैर तुर्की सरकारशी आहे, तुमच्याशी नाही, असे सांगण्यात येत होते. एकाच महिन्यातली ही दोन विधाने शेजारी ठेवली की पुढच्या बारा वर्षांचा साचा दिसतो: आतल्या पत्रव्यवहारात भूगोल असतो आणि बाहेरच्या जाहीरनाम्यात लोक असतात.

प्रचार एकाच बाजूचा होता असे मानण्याचे कारण नाही. १४ नोव्हेंबर १९१४ रोजी इस्तंबूलमध्ये जिहादची घोषणा झाली. बर्लिनमध्ये माक्स फॉन ओपेनहाइम याने पौर्वात्य देशांसाठी एक स्वतंत्र प्रचार कचेरी उभारली. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडॉर्फ येथे मुसलमान आणि हिंदी युद्धकैद्यांसाठी खास छावणी होती. १९१५ मध्ये तिथे लाकडी मशीद बांधून दिली गेली आणि हिंदी शिपायांसाठी ‘हिंदोस्तान’ नावाचे वर्तमानपत्र हिंदी व उर्दूत छापले जाऊ लागले. कैद्याला प्रार्थनास्थळ आणि वाचायला पत्र द्यायचे, म्हणजे तो बाजू बदलेल, असा तो हिशेब होता. लंडनमध्ये चार्ल्स मास्टरमन यांच्या हाताखाली वेलिंग्टन हाउसमधून चालणारी कचेरी याच्या नेमकी उलट वागत होती. तिचे अस्तित्वच गुप्त होते. तिथून ‘अल-हकीकत’ नावाचे सचित्र पत्र अरबी, तुर्की, फारसी आणि हिंदुस्तानीत निघे. दोन्ही कचेऱ्यांचा वाचक एकच होता, आणि त्याला आपण कोणत्या समूहाचे आहोत हे दोघेही आपापल्या सोयीने सांगत होते.

२९ एप्रिल १९१६ रोजी बगदादच्या वाटेवरच्या कूत गावी ब्रिटिश जनरल टाउनशेंडने १४७ दिवसांच्या तुर्की वेढ्यानंतर शरणागती पत्करली आणि सुमारे १३,००० सैनिक कैद झाले. पूना डिव्हिजन तिथे संपली. वेढा उठवण्यासाठी तुर्की सेनापतीला वीस लाख पौंडांपर्यंत रक्कम देऊ करण्यात आली होती. ती नाकारून तुर्की युद्धमंत्री एन्वर पाशाने वर त्या गोष्टीचा बोभाटा केला. ब्रिटिशांची लाज लढाईत गेली त्याहून अधिक या देकारात गेली, असे माझे मत आहे. ११ मार्च १९१७ रोजी बगदाद घेतले गेले तेव्हा लष्करी विजयाइतकीच या नामुष्कीची भरपाई करणारी भाषाही हवी होती, हे लक्षात ठेवूनच पुढचा जाहीरनामा वाचावा.

तो १९ मार्च १९१७ रोजी बगदाद घेणारे ब्रिटिश सेनापती जनरल मॉड यांच्या नावाने निघाला. त्यातले एक वाक्य आजही उद्धृत होते: आमची सैन्ये तुमच्या शहरांत आणि प्रदेशांत जेते किंवा शत्रू म्हणून नव्हे, तर मुक्तिदाते म्हणून येत आहेत. बगदादकरांना हुलागूची, म्हणजे १२५८ साली शहर लुटणाऱ्या मंगोल सरदाराची आठवण करून दिली गेली. तेव्हापासून तुमचे शहर परक्यांच्या जुलमाखाली आहे, असा त्याचा रोख होता. तुर्कांची सत्ता अशा रीतीने मंगोलांच्या रांगेत नेऊन बसवली गेली आणि रांग ब्रिटिशांच्या अलीकडे थांबवली गेली. अरबांनी आपल्या श्रेष्ठांमार्फत कारभारात सहभागी व्हावे असे निमंत्रणही त्यात होते. हा मजकूर मॉडने लिहिला नव्हता. तो मार्क साइक्स यांनी लिहिला होता, आणि खुद्द मॉड तो प्रसिद्ध करायला फारसे राजी नव्हते. दहा महिन्यांपूर्वी फ्रान्सच्या पिको यांच्याबरोबर याच प्रदेशाची वाटणी केली ती याच साइक्सनी. त्या वाटणीत बगदाद आणि बसरा ब्रिटिशांच्या प्रत्यक्ष अंमलाखाली, तर मोसुल फ्रान्सच्या प्रभावक्षेत्रात जायचे होते. नकाशा आणि जाहीरनामा एकाच हातचे असल्याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. साइक्स ढोंगी होते असे म्हणून हा विषय मिटवता येत नाही. ब्रिटिशांच्या देखरेखीखालचे अरब स्वातंत्र्य हेच खरे स्वातंत्र्य, असे ते मनापासून मानत असावेत. प्रचार लिहिणारा त्यावर विश्वास ठेवत नाही, ही समजूत विद्यार्थ्यांनी सोडून द्यावी असे मी नेहमी सांगतो.

त्याच वर्षीच्या जुलैत बगदादेत ‘अल-अरब’ हे वर्तमानपत्र ब्रिटिश प्रशासनाच्या पैशाने सुरू झाले. संपादनाचे काम अनस्तास अल-करमली या विद्वान कार्मेली पाद्र्याकडे होते, आणि हे पत्र अरबांनी अरबांसाठी काढलेले आहे असे त्याच्या शीर्षकाखालीच छापलेले असे. पैसे कोणाचे ते छापलेले नसे. तरीही या पत्राला निव्वळ भाटगिरी म्हणणे अन्यायाचे होईल. बगदादमधल्या लिहित्या लोकांना त्यात जागा मिळाली, आणि ‘आपण अरब’ अशी जी सार्वजनिक भाषा त्यात रुळली तीच तीन वर्षांनी ब्रिटिशांविरुद्ध वापरली गेली. प्रचाराने उभा केलेला समूह प्रचारकाच्या ताब्यात राहतोच असे नाही.

दरम्यान नोव्हेंबर १९१७ मध्ये बोल्शेविकांनी झारच्या दप्तरातले गुप्त करार, त्यांत साइक्स-पिकोही, छापून टाकले. सीरियातला तुर्की सेनापती जमाल पाशा याने लगेच बैरुतच्या सभेत ते अरबांपुढे मांडले: तुमचे मुक्तिदाते काय करून बसले आहेत ते पाहा. युद्धातल्या सगळ्या प्रचारात मला हा सर्वांत परिणामकारक वाटतो, कारण त्यात खोटे काहीच नव्हते. त्याचा परिणाम पुसण्यासाठी ७ नोव्हेंबर १९१८ रोजी ब्रिटन आणि फ्रान्सने संयुक्त निवेदन काढले आणि तुर्कांच्या जाचाखालील लोकांची पूर्ण मुक्तता व स्थानिक जनतेच्या स्वेच्छेवर उभी असलेली राष्ट्रीय सरकारे यांचे आश्वासन दिले.

आता त्याच आठवड्यात मैदानावर काय चालले होते ते पाहा. तुर्कस्तानशी मुद्रोसचा युद्धविराम ३० ऑक्टोबरला झाला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लागू झाला. त्या क्षणी ब्रिटिश सैन्य मोसुल शहराच्या दक्षिणेला होते. शहर तुर्कांकडे होते. युद्धविरामाच्या कलमांत मित्रराष्ट्रांना मोक्याची ठिकाणे ताब्यात घेण्याची मुभा होती. तिचा आधार घेऊन ब्रिटिश जनरल मार्शलने शहर मागितले आणि तुर्की सेनापती अली इहसान पाशा निषेध नोंदवून मागे हटला. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मोसुल ब्रिटिशांच्या हाती होते. डिसेंबरमध्ये लंडनला आलेले फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांच्याकडून ब्रिटनचे पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी मोसुल तोंडी मागून घेतले. साइक्स-पिको कराराची मोसुलपुरती रेघ तिथेच पुसली गेली. पुढची आठ वर्षे जे झाले ते या दोन-तीन आठवड्यांतल्या हालचालीवर शिक्कामोर्तब करून घेण्याचे काम होते.

शिक्कामोर्तबासाठी लोकमत लागते, म्हणून १९१८-१९ च्या हिवाळ्यात ते ‘मागवले’ गेले. मोसुलच्या उत्तर सीमेपासून आखातापर्यंत ब्रिटिश देखरेखीखाली एकच अरब राज्य हवे का, त्यावर अरब अमीर हवा का, आणि हवा तर कोण, असे तीन प्रश्न होते. आता कार्यकारी मुलकी आयुक्त झालेल्या विल्सनने जिल्ह्यांतल्या अधिकाऱ्यांना दिलेली सूचना अशी होती की मत समाधानकारक येईल अशी खात्री वाटेल तिथे श्रेष्ठांची सभा भरवून ते लेखी घ्यावे; ते विभागलेले किंवा प्रतिकूल दिसेल तिथे सभा पुढे ढकलून आधी कळवावे. मतदान मोजण्यापूर्वीच गाळून घेण्याची ही पद्धत दस्तऐवजात इतक्या निःसंकोचपणे लिहिलेली क्वचित सापडते. १९२० च्या एप्रिलमध्ये सान रेमोला मँडेट, म्हणजे राष्ट्रसंघाच्या नावाने इराकचा कारभार पाहण्याचा ब्रिटनचा अधिकार, जाहीर झाले आणि जूनमध्ये फुरात खोऱ्यात उठाव पेटला. शिया आणि सुन्नी बगदादच्या मशिदींत एकत्र जमले. उठाव दडपण्यासाठी मुख्यतः हिंदुस्थानातून फौज आणावी लागली आणि खर्च सुमारे ४ कोटी पौंड झाला. लंडनची वर्तमानपत्रे त्यानंतर मेसोपोटेमिया सोडून द्या म्हणून मागे लागली. तेव्हा मायदेशीच्या लोकमतापुढे सरकारला स्वस्त उपाय शोधावा लागला. ऑगस्ट १९२१ मध्ये ९६ टक्के लोकांच्या पसंतीने मक्केच्या शरीफचा मुलगा फैसल राजा झाला असे जाहीर केले गेले. २३ ऑगस्टच्या राज्यारोहणात इराकचे राष्ट्रगीत अजून नसल्यामुळे बँडने ‘गॉड सेव्ह द किंग’ वाजवले.

उत्तरेची सीमा अजून ठरलेली नव्हती. अंकाराचे नवे तुर्की सरकार मोसुल आपल्या १९२० च्या राष्ट्रीय करारात, म्हणजे आपली हद्द सांगणाऱ्या प्रतिज्ञेत, मोजत होते. १९२२ च्या अखेरीस लोझानच्या शांतता परिषदेत ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड कर्झन आणि तुर्कस्तानचे इस्मत पाशा समोरासमोर आले. इथे प्रचाराचे सर्वांत सभ्य रूप दिसते, ते म्हणजे जनगणना. तुर्की आकड्यांनुसार मोसुल प्रांतात सुमारे १ लाख ४७ हजार तुर्क आणि फक्त ४३ हजार अरब होते. ब्रिटिश आकड्यांनुसार तुर्क ६६ हजार आणि अरब १ लाख ८६ हजार होते. दोघांच्याही यादीत सर्वांत मोठा गट कुर्दांचा होता, आणि परिषदेत त्यांचा स्वतंत्र प्रतिनिधी नव्हता. कुर्द हे तुर्कांसारखेच तुराणी वंशाचे असून अंकाराचे सरकार तुर्क आणि कुर्द दोघांचेही आहे, असे इस्मत पाशांनी मांडले. कर्झन यांनी त्याची खिल्ली उडवली. मात्र तुर्कस्तानवर लादलेल्या सेव्हरच्या १९२० च्या तहात कुर्दांना दिलेल्या स्वायत्ततेच्या आश्वासनाचे काय झाले, हे त्यांनाही सांगायचे नव्हते. डिसेंबर १९२२ मध्ये ब्रिटन व इराक सरकारने मिळून, कुर्दांना इराकच्या सीमेत आपले सरकार स्थापण्याचा हक्क मान्य असल्याचे निवेदन काढले. उत्तरेतल्या रवांदुझ गावातून चाललेल्या तुर्की हालचालींना ते उत्तर होते. सुलेमानियाचा कुर्द पुढारी शेख महमूद याने ते शब्दशः घेतले, तेव्हा त्याच्या गावावर आधी पत्रके आणि मग बाँब पडले.

तेलाचा मुद्दा कर्झन यांनी आपल्या युक्तिवादाशी संबंध नाही म्हणून झटकला. तेलच सारे काही होते असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही; डोंगराची संरक्षक रांग मोसुलच्या उत्तरेला होती आणि ती नसेल तर बगदाद उघडे पडते, हा लष्करी विचार खराच होता. पण युद्ध मंत्रिमंडळाचा सचिव हँकी याने १९१८ च्या उन्हाळ्यातच मेसोपोटेमियातले तेल हे युद्धाचे अव्वल उद्दिष्ट असल्याचे लिहून ठेवले होते. ज्या गोष्टीचा संबंध नाही ती इतक्या वेळा नाकारावी लागत नाही.

वाद राष्ट्रसंघाकडे गेला आणि तिघांचे आयोग नेमले गेले: स्वीडनचे अफ विर्सेन, बेल्जियमचे कर्नल पाउलिस आणि हंगेरीचे काउंट पाल टेलेकी. टेलेकी यांच्यापाशी मी थोडा थांबतो. ते भूगोलतज्ज्ञ होते, आणि युद्धात हरलेल्या हंगेरीची बाजू मांडण्यासाठी १९१९ मध्ये त्यांनी ‘लाल नकाशा’ म्हणून गाजलेला वांशिक नकाशा तयार केला होता. त्यात हंगेरियन वस्ती भडक लाल रंगात होती. रंगाचे क्षेत्रफळ जमिनीच्या नव्हे तर लोकसंख्येच्या प्रमाणात दिले होते आणि विरळ वस्तीचे डोंगराळ भाग पांढरे सोडले होते. रुमानियन लोक मोठ्या संख्येने ट्रान्सिल्व्हेनियाच्या अशाच डोंगराळ भागांत पसरलेले होते, त्यामुळे ते नकाशात विरून जात आणि शहरांतला लाल रंग डोळ्यात भरे. एकही आकडा खोटा नव्हता. तरी पॅरिसमध्ये त्याचा उपयोग झाला नाही आणि ४ जून १९२० च्या त्रियानोंच्या तहात हंगेरीचा दोन तृतीयांश प्रदेश गेला, कारण तिथे रुमानिया आणि इतर शेजाऱ्यांची सैन्ये आधीच पोहोचली होती. नकाशा कसा रंगवला की काय दिसते हे पुरते जाणणारा हा माणूस १९२५ च्या सुरुवातीला मोसुलमध्ये दुसऱ्यांचे नकाशे तपासायला बसला होता.

आयोगाने सार्वमत अव्यवहार्य ठरवले आणि लोकांना खासगीत बोलावून विचारले. त्याचा अहवाल अजूनही वाचण्यासारखा आहे. फक्त वंशाचा निकष लावायचा तर स्वतंत्र कुर्द राज्य करावे लागेल, कारण लोकसंख्येत आठपैकी पाच हिस्से कुर्द आहेत, असे त्यात सरळ लिहिले आहे. तरीही प्रदेश इराककडे ठेवावा, पण इराकवर आणखी पंचवीस वर्षे मँडेट असावे आणि कारभार, न्याय व शिक्षण यांत कुर्दांच्या इच्छांची दखल घेतली जावी, असा निष्कर्ष काढला. आयोग काम करत असतानाच फेब्रुवारी १९२५ मध्ये तुर्कस्तानात शेख सईदचा कुर्द उठाव झाला, आणि तुर्क व कुर्द एकच असल्याच्या दाव्याची हवा गेली. त्याच मार्चमध्ये इराक सरकारने तुर्किश पेट्रोलियम कंपनीला तेलाचा परवाना दिला. राष्ट्रसंघाच्या परिषदेने १६ डिसेंबर १९२५ रोजी निकाल दिला. ५ जून १९२६ च्या अंकारा तहात तुर्कस्तानने तो मान्य केला आणि इराकला मिळणाऱ्या तेलाच्या स्वामित्वधनातला दहा टक्के वाटा पंचवीस वर्षांसाठी मिळवला. पंचवीस वर्षांच्या मँडेटचे आश्वासन मात्र १९३२ मध्येच संपले, कारण त्या वर्षी इराक राष्ट्रसंघाचा सभासद झाला.

ही सगळी हकीकत ऐकून एक आक्षेप हमखास येतो: मग प्रचाराने प्रत्यक्ष बदलले काय? सैन्य १९१८ मध्ये जिथे पोहोचले साधारण तिथेच १९२६ मध्ये सीमा आली. आक्षेप बरोबर आहे, पण अर्धाच. सीमेच्या आत कोण ‘आपले’ आणि कोण ‘उपरे’ हे याच वर्षांत घट्ट झाले. १९८० च्या सप्टेंबरमध्ये सद्दाम हुसेन याने शत्त-अल-अरबविषयीचा १९७५ चा अल्जिअर्स करार रद्द केल्याचे जाहीर करून इराणवर चाल केली, तेव्हा त्या युद्धाला सातव्या शतकातल्या कादिसियाच्या लढाईचे नाव देण्यात आले. अरबांनी इराणी साम्राज्य मोडले होते ती ही लढाई, आणि तिचे घोडेस्वार चलनी नोटेवरही आले. आठ वर्षे माणसे मेली आणि ऑगस्ट १९९० मध्ये सद्दामने, कुवेतमध्ये घुसल्यावर पाठीशी शांतता हवी म्हणून, तीच १९७५ ची रेघ पुन्हा मान्य केली. सीमा एक इंचही हलली नाही. कादिसियाची भाषा मात्र घरोघर राहिली. उलट कुवेत प्रकरणात प्रचार दुसऱ्या बाजूनेही झाला. ऑक्टोबर १९९० मध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीने वॉशिंग्टनमध्ये इराकी सैनिकांनी अर्भकांना काचपेटीतून काढून टाकल्याची साक्ष दिली. ती कुवेतच्या राजदूताची कन्या होती आणि साक्षीमागे एक जनसंपर्क कंपनी होती, हे युद्ध संपल्यावर १९९२ मध्ये उघड झाले.

आता साइक्स-पिकोचा प्रश्न. जून २०१४ मध्ये ‘इस्लामिक स्टेट’ने एक चित्रफीत प्रसारित केली. तिच्यात इराक व सीरियाच्या सीमेवरचा मातीचा बांध बुलडोझरने फोडला जातो आणि साइक्स-पिको संपल्याची घोषणा होते. जगभरच्या माध्यमांनी ती घोषणा जशीच्या तशी उचलली. पण हा बांध सिंजारच्या आसपासच्या पट्ट्यात होता, आणि १९१६ च्या नकाशात त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजू फ्रान्सच्याच प्रभावक्षेत्रात होत्या. तिथून कोणतीही रेघ जात नव्हती. आजची ती सीमा डिसेंबर १९२० च्या ब्रिटन-फ्रान्स करारातून निघाली आणि १९३२ मध्ये राष्ट्रसंघाच्या आयोगाने सिंजारपाशी ती निश्चित केली. साइक्स-पिको हा करार सीमा म्हणून अमलात आला त्याहून कितीतरी अधिक, फसवणुकीचे एक नाव म्हणून चालत आला आहे. त्याचा पहिला असा वापर जमाल पाशाने बैरुतमध्ये केला होता. तेव्हा पश्चिम आशियाच्या सीमांविषयीच्या लिखाणात हे नाव आले की लेखकाला नेमकी कोणती रेघ म्हणायची आहे, हे १९१६, १९२०, १९२६ आणि १९३२ चे नकाशे शेजारी ठेवून तपासून घ्यावे. हे नकाशे आज सहज उपलब्ध आहेत.